सहाव्या सिलिंडरची टिकटिक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आताशा कुणी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावत नाही. पूर्वी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागे दाबायची आणि डोळे मिटून आत काय बिनसलंय ते ऐकायचं, ही मिस्त्री लोकांची रीत होती. आता भिंतीवर ताटलीएवढं यंत्र असतं. कंपनीने त्याला ‘ध्वनिपरीक्षक’ असं भारदस्त नाव दिलंय, पण गल्लीत सगळे त्याला ‘कान’ म्हणतात. इंजिन, पंप, लिफ्टची मोटर, काहीही फिरतं समोर ठेवा. पाच मिनिटांत हिरवा नाहीतर लाल दिवा, आणि हिरव्याबरोबर सरकारमान्य दाखला.

हा कान मुळात कुणाचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. हिंदुराव सुतार मिस्त्रींचा. नऊ वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली, त्यांनी हिंदुरावांच्या स्क्रू-ड्रायव्हरला संवेदक बसवला, आणि तीन वर्षं यंत्राला शिकवत राहिली: हे मान डोलावतील ते इंजिन चांगलं, नाक मुरडतील ते नादुरुस्त. अकरा हजार इंजिनं झाली. मग शाल-श्रीफळ मिळालं. शाल कपाटात गेली, पण हिंदुरावांची मान तेव्हापासून जरा ताठ झाली ती झालीच.

त्या शनिवारी त्यांच्या शेडमध्ये एक अमेरिकन मसल कार उभी होती. १९६९ सालची, लांब बोनेटची, आठ सिलिंडरची. डॉक्टर मृणालिनी घोरपडेंच्या वडिलांनी ती तिकडे नोकरीत असताना घेतली होती. ते गेल्यावर लेकीने जहाजातून आणवली. इंजिन गंजून जाम झालेलं. हिंदुराव पाच महिने त्यात बुडाले होते. सिलिंडर बोअर केले, क्रँक घासून घेतला, पिस्टन तर गल्लीतच ओतवले. रविवारी वडिलांची पुण्यतिथी. म्हाताऱ्या आईला शेजारी बसवून डॉक्टरांना गगनबावड्याच्या घाटात जायचं होतं.

हिंदुरावांनी स्टार्टर मारला. शेडचे पत्रे थरथरले. भिंतीवरचा कान पाच मिनिटं ऐकत राहिला आणि हिरवा झाला. हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धुराच्या माथी मारलं.

तेवढ्यात त्यांची बायको शेवंताबाई डबा घेऊन आल्या. त्या घरी शिवणकाम करायच्या. सुई मोडायच्या आधीच त्यांना मशीनचा आवाज बदललेला कळायचा.

“अवो, ही टिकटिक कसली?”

“आगं, आठ सिलिंडरचं इंजिन हाय ते. वाजनारच.”

“ती गडगड न्हवं. तिच्या वर, बारीक. दोनदा टिक, मग गप. परत दोनदा.”

हिंदुराव हसले, आणि अर्ध्यातच थांबले. असं जोडीने वाजतं ते एकच. पिस्टनला दांड्याशी जोडणारी बोटभर पिन सैल असली की ती अशी वाजते, आणि घाटात जोर पडला की सरकून सिलिंडर फाडते. शेवंताबाईंना पिस्टन कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. त्यांनी हे मनाने रचणं शक्य नव्हतं.

हिंदुरावांनी जुना स्क्रू-ड्रायव्हर काढून स्वतःच्या कानाला लावला. आतून नुसती गडगड.

मग त्यांनी बायकोला पाठ करून उभं केलं. प्लगची वायर काढली की तेवढा सिलिंडर मुका होतो. ते एकेक वायर काढत, पुन्हा लावत गेले. सहावी काढली आणि शेवंताबाई म्हणाल्या, “आता थांबली.” लावली. “झाली सुरू.” हिंदुरावांनी क्रम उलटसुलट करून आणखी दोनदा पाहिलं. तिन्ही वेळा सहावाच.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसले. दहा-बारा वर्षांपूर्वी घरामागचे रातकिडे गप झाले, तेव्हा फवारणीने मेले बिचारे, असं ते म्हणाले होते.

“रातकिडं वरडत्यात का गं अजून?”

“रोज सांच्याला. डोस्कं उठवत्यात.”

दहा-बारा वर्षं. आणि यंत्राला शिकवायला घेतलं त्याला नऊ. म्हणजे बारीक आवाज गेलेल्या कानाकडूनच यंत्र शिकलं होतं.

त्यांनी कंपनीत फोन लावला. तपासनीस केतकी देवल भल्या बाई होत्या. त्यांनी तिथल्या तिथे नोंद काढली.

“टिकटिक आहे काका. मला आलेखात स्वच्छ दिसतेय. पण अशा टिकटिकीची चारशे बारा इंजिनं तुम्ही पास केलीत. म्हणजे ती निरुपद्रवी, असं यंत्र शिकलं.”

“अवो ताई, मला ऐकूच आली न्हाई ती! चुकलो मी. खोडा ते सगळं.”

“कसं खोडू? सगळे कान तुमच्याशी ताडून पाहतो आम्ही. तुम्हीच चुकलात म्हटलं, तर ताडायचं कशाशी?” त्यांचा आवाज मऊ झाला. “दमलायत तुम्ही. आराम करा.”

त्या चारशे बारांतली काही फुटून परत आली होती. तेव्हा हिंदुरावांनी तेलाला दोष दिला होता.

चारच्या सुमाराला डॉक्टर आल्या. बायकोला ऐकू आलेली टिकटिक सांगून हिंदुराव हात जोडून म्हणाले, “पंधरा दिवस द्या. परत खोलतो.”

“मिस्त्री, दाखला हिरवा आहे. तुमच्या बायकोला ऐकू येतं म्हणून आईला नाही सांगू?”

त्यांनी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन पेटेना. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा रोटर हिंदुरावांनी आधीच काढून खिशात घातला होता. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

“शोभतं का हे तुम्हाला?”

त्या समोरच्या गॅरेजात गेल्या. रोटर तिथेही मिळत होता, आणि तिथल्या भिंतीवरही हिंदुरावांचाच कान होता. रोटर बसवून गाडी तिकडे नेली आणि वीस मिनिटांत पुन्हा हिरवा दिवा लागला. हिंदुराव गाडीची खिडकी धरून म्हणाले, “डॉक्टरीणबाई, घाटात तरी जोर देऊ नका.” म्हाताऱ्या माणसाला हो म्हणावं तसं त्यांनी हो म्हटलं.

गाडी गेली. नवराबायको दारात उभे राहिले. शाळेची बस गेली, अँब्युलन्स गेली, मालाचे टेम्पो गेले. प्रत्येकाच्या काचेवर कानाचा हिरवा शिक्का होता. हिंदुराव रस्त्याकडे बघत नव्हते, ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. बस गेली तेव्हा शेवंताबाईंच्या कपाळाला आठी पडली. अँब्युलन्स गेली तेव्हाही पडली.

“अवो,” त्या हळूच म्हणाल्या, “ह्यातलं तुमास्नी कायबी ऐकू येत न्हाई व्हय?”