एक ते साडेतीनच्या नोंदी

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट हे बाहेर पडलं तर नोकरी जाईल. तरी सांगते, कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

गेल्या वर्षीचा मार्च. गोव्यातल्या डिचोली बाजारातलं बॅनर आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान. वेळ भर दुपारची. एक ते साडेतीन आमचा बाजार झोपतो, शटर खाली असतं.

कॉम्प्युटरवर माझ्याआधी विनोदिनी होती. नऊ वर्षं. तापाने गेली. तिची खुर्ची मला मिळाली आणि मालक बाबाजी शेटचं रोजचं एक वाक्यही.

“विनोदिनी आसली जाल्यार केन्नाच जावपाचें.”

म्हणजे ती असती तर केव्हाच झालं असतं. मेलेल्या बाईवर काय जळायचं? पण मी जळत होते.

तिच्या फायलींची नावं ‘हें’, ‘हें नवें’, ‘परत नवें’. काही सापडेना. म्हणून माझ्या भावाने, साईशने, एक सॉफ्टवेअर घालून दिलं. कुठली फाइल कधी उघडली, कधी सेव्ह केली, सगळं ते लिहून ठेवतं. नाव आठवलं नाही तरी वेळेवरून फाइल मिळते.

तिसऱ्या दिवशी एक नोंद दिसली…

एक चाळीस. मी करत असलेली पत्रिका उघडली. दोन पाच. सेव्ह केली.

चावी शेटकडे. शेट घरी झोपलेले.

मला वाटलं, शेटने गुपचूप दुसरी मुलगी कामाला ठेवली. दुसऱ्या दिवशी मी घरी जाते म्हणाले आणि कागदाच्या रोलांमागे लपून बसले. शटर बाहेरून बंद झालं.

पंखा बंद. रस्त्यावर एक स्कूटरही नाही.

टिक…

माऊस.

खुर्ची रिकामी होती. पडद्यावर माझी पत्रिका. गणपती हळूच लहान झाला. नवरीचं नाव जरा वर सरकलं…

आणि खरं सांगते, पत्रिका सुंदर दिसायला लागली. भीतीच्या आधी मला राग आला. मी तशीच उठले आणि तिचं सगळं फोल्डर उडवलं. नऊ वर्षांचं काम.

टिकटिक थांबली.

पुढे तीन दिवस दुपारची एकही नोंद नाही. आणि तीन दिवस शेटने माझी प्रत्येक पत्रिका परत केली. एक तारखेपासून दुसरी कोणी बघतो म्हणाले. घरात कमावणारी मी एकटी.

चौथ्या दिवशी एक वाजता पत्रिका अर्धवट ठेवली. खुर्चीला म्हटलं, “बाय, तूंच कर.”

साडेतीनला ती पूर्ण होती. शेट चष्मा लावून बघत राहिले.

“आतां शोबता. एकदम विनोदिनीभशेन.” अगदी विनोदिनीसारखी.

तेव्हापासून असंच चाललंय. शाबासकी मी घेते आणि घरी येऊन चडफडते.

गेल्या मंगळवारी मला ताप आला. दिवसभर अंथरुणात होते. फोन करायचंही भान नव्हतं. बुधवारी शेटची माफी मागायला गेले.

ते हसले. “काल तूं हांगाच आसलें मगो.” म्हणजे काल मी इथेच होते.

मी नोंदी उघडल्या…

मंगळवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सोळा पत्रिका. मला दिवसात सहाच्या वर कधी जमल्या नाहीत.

शेटला मंगळवारी खुर्चीत नक्की कोण दिसलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

उद्या सोमवार. घसा सकाळपासून दुखतोय. तरी मी जाणार… घरी राहिले, तर मी नाही हे कोणाला कळायचंही नाही.