उघड्या कोपऱ्याचा त्रिकोण

त्या सिनेमाची मी गेली काही वर्षं वाट पाहत होतो. बाबा चाळीस वर्षं पाहत होते.

कादंबरी जुनी, विज्ञानकथा. एका अंतराळयानातल्या टपालवाल्याची. तो जी पत्रं वाटत फिरतो, ती लिहिणारे केव्हाच वारलेले असतात. बाबांनी ती सात वेळा वाचली होती. डोळे गेल्यावर आठव्यांदा मी वाचून दाखवली. तिच्यावर पूर्वी एकदा सिनेमा निघाला होता, पण त्यात शेवटी टपालवाल्याचं लग्न लावून दिलं होतं. बाबा थिएटरचे ऑपरेटर, त्यामुळे तो त्यांनाच तीन आठवडे चालवावा लागला. घरी येऊन धुसफुसायचे. "खरा सिनेमा अजून यायचाय. आला की दोघं मिळून बघू. मी कुठे पळून जातोय?"

गेल्या वर्षी गेले. त्यांचे डोळे गेल्यापासून त्यांच्या जागी, त्याच केबिनमध्ये, मी असतो.

अखेर तो सिनेमा आला. प्रदर्शनाच्या आधी, गुरुवारी सकाळी दहाला ट्रायल ठेवली होती. आई हट्टानं आली आणि मधल्या रांगेत बसली. "त्यांच्या वाटचं मी बघते. डोळा लागला तर उठवू नकोस," म्हणाली.

आता सगळं डिस्कवर येतं. पूर्वी रिळं असायची, वीस-वीस मिनिटांची. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर खूण चमकायची. पहिल्या खुणेला, पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सात सेकंदांनी दुसरी खूण आली की चित्र तिकडे न्यायचं. छापील खूण गोल असे. ती झिजली की बाबा फिल्मवर खिळ्यानं स्वतःची ओरखडत. त्रिकोण काढायचे, पण त्यांचा एक कोपरा कायम उघडाच राहायचा. त्यावरून मी त्यांची खूप टर उडवली आहे.

विसाव्या मिनिटाला कोपऱ्यात काहीतरी चमकलं. धूळ असेल म्हणून मी सोडून दिलं.

चाळिसाव्या मिनिटाला नीट दिसलं. त्रिकोण होता. कोपरा उघडा.

डिस्कवर रिळं नसतात, मग खुणा कुठून येणार? चुकून कुणाची तरी जुनी प्रत वापरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण सिनेमा या वर्षीचा होता.

साठाव्या मिनिटाला पुन्हा आला, आणि अंगवळणी पडलेली सवय अशी की विचार करायच्या आत मी स्टुलावरून उठलो होतो. डाव्या भिंतीशी शोभेला ठेवलेल्या जुन्या मशीनच्या बटणावर माझा हात. स्वतःचंच हसू आलं.

मागे धाडकन आवाज झाला.

छताचा पंखा स्टुलावर पडला होता. स्टुलाचे दोन पाय मोडले होते.

"काय रे पाडलंस?" खालून आईचा आवाज.

मी झरोक्यातून डोकावलो. "पंखा पडला. मला लागलं नाही. मी उठलो होतो."

"कशाला?"

"रीळ बदलायला."

आई पडद्याकडे वळून म्हणाली, "बरं केलंस."

उरलेला सिनेमा मी जुन्या मशीनवर हात ठेवून उभ्यानं पाहिला. फार सुरेख झालाय. शेवट पुस्तकातलाच ठेवलाय. मी रडलो, आणि केबिनमध्ये कुणी नसताना मोठ्यानं म्हणालो, "बाबा, उपकार झाले."

नंतर साठावं मिनिट तीनदा लावून पाहिलं. कोपरा स्वच्छ होता.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. शेवटच्या रिळावर कुणीच ऑपरेटर खूण करत नाही, कारण पुढे लावायला काही नसतं. तरी नावं सुरू व्हायच्या आधी तो त्रिकोण आला. पहिली खूण. मी सात मोजले. मग सत्तर. दुसरी, तिकडे नेणारी, आली नाही.

त्याला पाच आठवडे झाले. रोज चार खेळ चालवतो, नजर कोपऱ्यावर. बाबा घाई करत नाहीत, त्याबद्दलही मी त्यांचे आभारच मानतो.

फक्त, जुन्या मशीनची वायर मीच अकरा वर्षांपूर्वी कापली होती. तरी मोटर त्या गुरुवारी माझ्या हाताखाली सुरू झाली. ती अजून चालू आहे.