बर्फातली पाच माणसं

सिनेमा शुक्रवारी लागला आणि रविवारी सकाळपर्यंत तिकिटांच्या ॲपवर त्याच्याखाली एकशे बारा मतं जमली होती. अनुजाने मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर उन्हात बसून ती सगळी वाचली. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची; त्र्याण्णव मतं वाईट आहेत हे तिने सवयीने मोजून टाकलं.

‘खुनी कोण ते मध्यंतराआधीच कळतं. नंतर नुसता बर्फ बघायचा.’

‘इन्स्पेक्टर बर्फातनं चालतोय तसा आमचा म्हातारा म्हशी घेऊन चिखलातनं चालतोय. कॅमेरा इकडं पाठवा.’

‘खुनी पाच माणसं मारतो. सहावा मी, खुर्चीतच गेलो.’

याला ती हसलीसुद्धा असती. पण त्याच्या खालचं मत असं होतं:

‘तिसरं प्रेत श्वास घेतंय. तोंडातून वाफ येते, स्पष्ट दिसते. एडिटर झोपला होता काय?’

तिसरं प्रेत म्हणजे तिचे वडील.

सयाजीरावांना घर आणि गल्ली आण्णा म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी लहानसहान कामं केली. गावचा पाटील, पोस्टमन, नवरीचा मामा. मरायची कामं आपल्यासारखी कुणाला जमत नाहीत, असा त्यांचा दावा होता. या सिनेमात त्यांना एवढंच करायचं होतं. हिमाचलात एका दरीच्या तळाशी बर्फात पडून राहायचं. तिथून ते खोकला घेऊन आले, छाती भरली आणि बाविसाव्या दिवशी गेले. त्याला आता पाच महिने झाले होते.

सिनेमा बघायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ते मत वाचल्यावर सोमवारी दुपारी ती गेली.

थिएटर जुनं, एकच पडदा असलेलं. पंख्यांची घरघर, भडंगाचा वास, फाटलेल्या रेक्झिनच्या खुर्च्या. मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी तो प्रसंग आला. बर्फात पाच माणसं एका ओळीत पडलेली. कॅमेरा पहिल्या दोघांवरून सरकला आणि तिसऱ्यापाशी थांबला. आण्णांच्या भुवयांवर बर्फाचे कण होते. तोंड किंचित उघडं होतं. वाफ नव्हती. ती सेकंद मोजत होती. एकोणीस झाले आणि दृश्य बदललं. तेवढ्या वेळात पापणीचा केसही हलला नव्हता. त्यांचा दावा खरा होता.

तिच्या मागे दोघे जण फिदीफिदी हसले.

“बघ की. म्हातारं श्वास घ्यालंय.”

“व्हय की रं. पोट हलालंय बघ.”

तिने वळून पाहिलं. चेष्टा करणाऱ्यांचे चेहरे तिला ओळखता येत. हे तसे नव्हते. डोळ्यांना दिसतं ते बोलणाऱ्या माणसांचे ते चेहरे होते.

बुधवारपर्यंत मतं चारशेच्या वर गेली. इचलकरंजीच्या एकाने लिहिलं, ‘तिसरं प्रेत डोळे उघडतं.’ नागपूरच्या बाईंनी लिहिलं, ‘म्हातारा मान वळवून सरळ आपल्याकडे बघतो. असल्यांना काम देतं कोण?’ अनुजाला या सगळ्यांचा मनापासून संताप आला. तिने खाली नाव न देता लिहिलं, ‘ते दृश्य एकोणीस सेकंदांचं आहे. मी मोजलं आहे. त्यात काहीही हलत नाही.’

‘आधी चष्मा बदला,’ असं तीन जणांनी सुनावलं. चौथ्याने लिहिलं, ‘एकोणीस? दीड मिनिट तरी असेल. कुणाची तरी वाट बघत पडलाय नुसता.’

ते वाचून ती फोन घेऊन मागच्या गल्लीत बाबालालचाचांकडे गेली. तीस वर्षं आण्णांचा मेकअप त्यांनीच केला होता. या वेळी गुडघ्यांमुळे ते हिमाचलला गेले नव्हते. त्यांनी सगळी मतं ऐकून घेतली आणि विचारलं, “शॉट झाल्यावर त्याला हाक कुणी मारली?”

“कसली हाक?”

“सयाजीनं मेल्याचं काम केलं, की क्यामेरा बंद झाल्या झाल्या मी त्याला नावानं हाक मारायचो. त्यानं ओ द्यायची आणि मगच उठायचं. ओ दिल्याबिगर कधी उठला न्हाय. आमच्या धंद्यातली जुनी रीत हाय ती. मुंबईच्या पोरास्नी काय ठावं असणार?”

अनुजाला ठाऊक होतं.

बर्फातला शॉट झाला त्या दिवशी आण्णांचा फोन आला होता. मागे वारा वाजत होता. “अनू, हितं कुणाला सांगायची लाज वाटती. बाबालाल फोन उचलंना. तू एकदा माझं नाव घेऊन हाक मार की.” ती पेपर तपासत होती. त्यांच्या घरात आण्णांचं नाव कुणीच घेत नसे; आई शेवटपर्यंत ‘अवो’ म्हणत गेली. “आण्णा, बापाला नावानं हाक मारू? काहीतरीच तुमचं. उद्या बोलू.” ते थोडंसं हसले. “बरं, ऱ्हाऊ दे.”

हे तिने चाचांना सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मी नमाजला गेलतो,” चाचा म्हणाले. “फोन घरात. माझी चूक हायच. पण तुझ्या कानात तर फोन हुता. एक हाक, अनू. तेवढीबी मारवली न्हाय तुला?”

त्यांनी तिला चहा विचारला नाही.

शुक्रवारी सिनेमा उतरणार होता. गुरुवारी दुपारच्या खेळाला ती निघाली तेव्हा चाचा काठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते. दोघं एकाच रिक्षातून गेले. थिएटरमध्ये मोजून नऊ माणसं होती.

तो प्रसंग आला. कॅमेरा पहिल्यावरून सरकला, दुसऱ्यावरून सरकला आणि थांबला.

तिला सोमवारचंच दिसलं. भुवया, बर्फाचे कण, मिटलेले डोळे. तिने मोजायला सुरुवात केली. चाचांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“तुझ्याकडं बघालाय त्यो,” ते हळू म्हणाले. “दिसंना व्हय तुला?”

“नाही.”

“मग आंधळ्यावाणी हाक मार. पण मार.”

एकोणीस झाले. वीस. एकवीस. दृश्य बदललं नाही.

तीस. चाळीस. कुणी हसलं नाही. पंख्यांची घरघर थांबली होती.

तिने तोंड उघडलं. जिभेवर ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच येत होतं.

“सयाजी,” ती म्हणाली.

काही झालं नाही. मग पडद्यावर त्या किंचित उघड्या तोंडातून वाफ निघाली, एकदाच, आणि विरून गेली.

“ओ.”

दुपारच्या झोपेतून उठवल्यावर ते द्यायचे, तशीच. जड, जरा वैतागलेली. पडद्याकडून आली की मागून, तिला सांगता आलं नाही. चाचांनी डोळ्यांवर रुमाल धरला होता.

शुक्रवारी सकाळी पहिलं मत पुण्याचं होतं. ‘पाच खून सांगतात आणि बर्फात चारच प्रेतं. मधे नुसता खड्डा. मोजता तरी येतं का यांना?’ मग साताऱ्याचं आलं, नाशिकचं आलं. सगळे शिव्या देत होते आणि सगळ्यांना चारच दिसत होती. अनुजाने फोन बाजूला ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती पोटभर जेवली आणि दुपारी गाढ झोपली.

पुढच्या मंगळवारी तिने सहज ॲप उघडलं. सिनेमा मोठ्या शहरांत अजून चालू होता.

‘चारही प्रेतं श्वास घेतात.’

‘चौघांनी माना वळवल्यात. वैताग आला. शेवटी उठून आलो.’

‘त्यांचे ओठ हलतात, पण डबिंगच केलेलं नाही. काय विचारतात ते ऐकू येत नाही.’

कुणाचा तरी बाप असेल, कुणाची बहीण. त्यांनाही कुणी हाक मारली नसेल. घरच्यांना कळवावं लागेल, आणि ते नाहीच मिळाले तर आपण पुण्याला जाऊन बसू. चार हाका मारायला असा कितीसा वेळ लागतो. तिने वहीतला एक कोरा कागद घेतला आणि विजयसिंहला फोन लावला. हा त्या सिनेमाचा सहायक दिग्दर्शक, मूळचा जवळच्याच गडमुडशिंगीचा. आण्णांना काम त्यानेच दिलं होतं.

“मला चार नावं हवी होती,” ती म्हणाली. “बर्फात आण्णांच्या शेजारी जे पडले होते त्यांची.”

“नावं?”

“प्रेतांची कामं केली त्यांची.”

विजयसिंह जरा घोटाळला. “ताई, तसलं कुणी नव्हतंच. उणे अकरा होतं तिथं. तेवढा वेळ पडायला कोण तयार होईना. आण्णाच तेवढे हो म्हणाले. बाकीचे चार रबरी पुतळे होते, मुंबईहून भाड्यानं आणलेले.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? ताई, त्यांना नावं कुठली असणार?”

कागदावर तिने एक ते चार आकडे आधीच घालून ठेवले होते.