बंद पानावरचा निरोप

बेनितेस मालकाच्या ऑफिसात नेटचं सगळं मी बघते. येर्बाचा, म्हणजे इथल्या कडू चहापत्तीचा, धंदा आहे त्याचा, मागे गोदाम. शाळा सोडली तेव्हा आई म्हणाली, निदान माझ्याबरोबर फरशी तरी पूस. मी फरशी नाही पुसली. वायरी ओढल्या आणि राउटरशेजारी एक काळी पेटी बसवली. कुठल्या कॉम्प्युटरवरून कोण काय उघडायला जातंय, ते माझ्या स्क्रीनवर लगेच दिसतं. मॅच, सट्टा, चपलांचे सेल, कार्टून, मालकानं सगळं बंद करायला सांगितलं. कुणी उघडायला गेलं की पांढरं पान येतं. त्यावरचं वाक्य माझं: 'हे इथे उघडणार नाही. कामाला लाग.'

"कामाला लाग म्हणे," हिशेबवाला अनिबाल तेरेरेचा, गार पाण्यातल्या येर्बाचा, पेला माझ्याकडे सरकवत म्हणायचा. "आठवी सोडलेली पोरगी मला शिकवणार."

"तू काल परत घोड्यांवर लावायला गेला होतास. मालकाला सांगू?"

"पाण्यात बर्फ जास्त घाल गं. डोकं तापलंय तुझं."

तेवढ्यात आई ओरडायची, "झुनि, चपला काढ. फरशी ओली आहे."

हे सगळं नेरी जायच्या आधीचं. नेरी म्हणजे माझा धाकटा भाऊ, नुकता अक्षरं जुळवायला लागलेला. दुपारी सिएस्ता असते, सगळं गाव झोपतं, लाल रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आई तेव्हा सगळं ऑफिस पुसायची आणि नेरी गोदामात पोत्यांवर झोपायचा. एका दुपारी तिनं पोछा पिळून आत बघितलं. पोत्यावर त्याच्या अंगाचा खड्डा होता. खाली चपला होत्या, नीट जोडीनं ठेवलेल्या. नेरी कधी चपला नीट ठेवायचा नाही.

आईनं त्याला हाक नाही मारली. सिएस्तात पोराला नावानं हाक मारायची नाही, इथे सगळे पाळतात. ती हाक दुसराच कुणी ऐकतो, शीळ घालत येतो आणि मध चारून पोराला नेतो. आई नुसत्या टाळ्या वाजवत फिरली. मळे, नदीकाठ, वाळवणाच्या भट्ट्या. पोलीसही फिरले, मग म्हणाले, कळवू.

त्यांनी काही कळवलं नाही. आई पुसायला येतच राहिली, घरी थांबवेना तिला. मलाही. दुपारी सगळे कॉम्प्युटर बंद, फक्त माझी स्क्रीन आणि पेटी चालू.

अशाच एका दुपारी कुणीतरी निळ्या ट्रॅक्टरचं कार्टून मागितलं, नेरीचं लाडकं.

बंद. परत मागितलं. बंद. परत. लहान पोर बटण दाबतं तसं, भराभर. कॉम्प्युटरचं नाव येतं ती जागा मात्र रिकामी.

ही थट्टा अनिबालचीच, असं वाटून मी सरळ त्याच्या घरी गेले, त्याला झोपेतून उठवलं आणि गळपट्टी धरली.

"हा घे मोबाईल. बघ," तो म्हणाला. "मी एवढा नीच नाही गं, झुनि." मोबाईल बंदच होता.

दुसऱ्या दिवशी मी एकूण एक वायर उपटली. वायफाय बंद केलं. पेटीला आता फक्त माझी स्क्रीन जोडलेली.

ट्रॅक्टर आलाच.

मग माझ्या डोक्यात आलं. तो जो कोण आहे, त्याला माझं एकच काही दिसतंय. ते पांढरं पान. मी जुनं वाक्य पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'नेरी, कुठे आहेस?'

आई मागे उभी होती. "नाव घेतलंस? या वेळेला?"

"हाक नाही मारली. लिहिलंय फक्त."

"ते वेगळं असतं का?"

"मला काय माहीत? तुझ्या टाळ्यांनी काय झालं?"

तिनं पोछा परत बादलीत बुडवला. मी मान खाली घातली. वर बघितलं तर स्क्रीनवर, साइटचा पत्ता येतो त्या जागी, एक शब्द होता.

'इथेच.'

मग: 'मध खाल्ला.'

मग: 'आई.'

आईचा ओला हात माझ्या खांद्यावर पडला. "लिही," ती म्हणाली. "लिही, आई इथे आहे. ये म्हणावं."

मी लिहिलं. पोर परत मिळत असेल तर मी काहीही लिहिलं असतं.

बराच वेळ काही आलं नाही. पंखा फिरत होता. गोदामाकडून शीळ आली, बारीक, एका सुरात. पक्षी असेल.

आईनं पोछा भिंतीला टेकवला आणि आत गेली.

"नेरी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. जेवायला बोलवावं तसं.

मी धावले.

पोत्यांवर आता एकाशेजारी एक असे खड्डे होते, एक लहान, एक मोठा. मोठ्यात हात घातला. गरम होता. खाली आईच्या चपला, जोडीनं.

मी टाळ्या वाजवल्या. मग नावंच घेतली, दोघांची, घसा फाटेपर्यंत.

पोलीस परत मळ्यांत फिरतायत. मालक म्हणतो, घरी जा, पोरी. मी जात नाही. कार्टूनवरची बंदी उठवलीय मी. रोज दुपारी ट्रॅक्टर चालतो, मी बघत बसते.

आज तो आला नाही.

रिकाम्या नावासमोर वेगळंच आलं.

'चपला काढ.'

मी खाली बघितलं. गोदामाच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली.

माझ्या पायात एकच चप्पल होती.