आवाज न करणारा पंप

"हा जिना बांधणाऱ्याला एकदा हा जार उचलायला लावला पाहिजे," दादा माझ्या कानाशी पुटपुटला. त्याच्या खांद्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार होता, माझ्या हातात अवजारांची पेटी आणि पंपांचे खोके. नळाला दिवसभर पाणी असलेल्या या घरात वर्षभर विकतचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत होतं. का, ते कोणी विचारत नसे. मीही नाही.

दारात जार टेकवून तो हळूच म्हणाला, "आवाज न करणारा बसव. जुन्या पंपाचा तो आवाज थांबला तर तुझी वहिनी खोलीतून बाहेर येईल. नाहीतर तिचंही काही खरं नाही, इंजिनीअरबाई."

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून उघडून शिकले आणि आता त्यावरच माझं दुकान चालतं. दादाच्या 'इंजिनीअरबाई'त चेष्टा किती आणि कौतुक किती, हे त्यालाही सांगता येणार नाही.

खोली माझ्या भाचीची, दादाच्या लेकीची, खारूची. स्क्रू हरवू नयेत म्हणून ती ते ओठांत धरून काम करायची, गाल फुगवून, खारीसारखी. तिचा कॉम्प्युटर आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर जोडला होता. काखोटीला मारून नेता यावा एवढाच तो हवा, हा तिचा हट्ट. त्यात पाणी फिरतं. पंप ते ढकलतो, तापलेल्या प्रोसेसरवरून ते जातं, जाळीत निवतं आणि परत येतं. एकदा भरलं की सगळं बंदिस्त.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती तलावावर पोहायला गेली. जाताना म्हणाली, "मशीन बंद करू नका, ॲनिमेशन तयार होतंय. आले की बघते." काठावर तिची चप्पल मिळाली आणि टॉवेल. बाकी काही नाही. घरात अजून 'खारू आली की' असंच बोलतात. ॲनिमेशन त्याच दुपारी पूर्ण झालं. मशीन मात्र वर्षभर चालूच होतं आणि वहिनी त्याच्याशेजारी झोपत होती, जेवत होती.

"ऐक," वहिनी म्हणाली.

पंप गुळण्या केल्यासारखा आवाज करत होता. जरा थांबायचा, मग पुन्हा.

"पाणी कमी झालं की हवा शिरते," मी म्हटलं आणि झाकण काढलं. छोटी काचेची टाकी काठोकाठ भरलेली होती. तिच्या बुचावरून काचेपर्यंत खारूने लाल नेलपॉलिशची रेघ मारली होती, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. रेघ जशीच्या तशी.

"पाणी कोणी घातलं का यात?"

"नाही," दोघंही म्हणाली.

मी पलंगावर तिन्ही पंप मांडले. दुकानात गिऱ्हाइकाला सांगते तशी बडबड सुरू केली. "हा दमदार, पण या डब्यात शिरायचा नाही. हा बुटका मावेल, पण सतत भुणभुणतो. आणि हा चपटा, साबणाच्या वडीएवढा. कान लावला तरी ऐकू येत नाही."

"भुणभुणणारा," वहिनी म्हणाली.

"अगं, डोकं उठेल तुझं."

"उठू दे. आवाज नसला तर चालू आहे हे कळणार कसं?"

दादा खिडकीबाहेर बघत होता. मी चपटा पंप तिच्या हातात दिला. "याला निळा दिवा आहे बघ. चालू आहे तोवर पेटलेला असतो. दिवा तर दिसेल ना?"

तिने तो बराच वेळ तळहातावर धरला. मग म्हणाली, "बरं."

"पण मशीन बंद करावं लागेल, वहिनी."

"कर."

मी बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

नळी सोडवून मी प्लास्टिकचा मग तिच्याखाली धरला. आत्तापर्यंत चालू असलेल्या मशीनचं पाणी कोमट असायला हवं. हे इतकं गार होतं की बोटं ठणकायला लागली. जोडताना आम्ही पाण्याची एकच बाटली आत ओतली होती, आणि तिच्यातही थोडं उरलं होतं. मग भरला. बादलीत ओतला. पुन्हा भरला. बादली अर्धी झाली तरी धार सुरूच होती. पाण्याला हिरवट झाक होती आणि शेवाळाचा वास.

"जाळीत साठलं असेल," मी म्हटलं. जाळी माझ्या वहीएवढी आहे.

"नळाचं असेल," दादा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. आमच्या गावच्या नळाला त्याच तलावाचं पाणी येतं.

बादली काठाशी आली तेव्हा धार थांबली.

जुना पंप उघडला. आतलं चक्र कशाने तरी आवळलं होतं. चिमट्याने ओढलं तर केस निघाला. एकच, काळाभोर, वीतभर लांब. जोडताना पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझे केस केव्हाच पिकलेत, आणि तेव्हा खारूचा बॉयकट होता. तिच्या डोक्यावर वीतभर केस यायला त्यानंतर वर्ष गेलं असतं.

केस मी रुमालात गुंडाळला. दोघांना दाखवला नाही.

नवा पंप नीट बसला. माझ्या पेटीतली सीलबंद बाटली उघडून ते पाणी भरलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यूपेपर ठेवला. मग मशीन न लावता नुसता पंप चालवला, गळती बघायची हीच रीत. निळा दिवा पेटला. आवाज शून्य. भर दुपारी खोली इतकी शांत झाली की दादाने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"झालं?" तो म्हणाला.

टाकीत बुडबुडा आला.

"नव्या पाण्यातून हवा निघतेच," मी म्हटलं. हे खरंच आहे. मी डबा तिरका केला, टिचक्या मारल्या. आणखी दोन बुडबुडे आले. ते नळीच्या तोंडातून येत नव्हते. टाकीच्या तळातून येत होते, नुसत्या काचेतून. दोन यायचे, मग थांबायचे. पुन्हा दोन.

टिश्यू सगळे कोरडे होते. पाणी हिरवट व्हायला लागलं होतं.

मी वायर उपटली. निळा दिवा विझला.

बुडबुडे येत राहिले.

"कर की काहीतरी," दादा म्हणाला.

करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वायर माझ्या हातात होती.

दोन बुडबुडे. मग नुसतं थांबणं.

एक.

वहिनी उठून जवळ आली. ताप बघावा तसा तिने टाकीवर तळवा ठेवला.

पुढचा इतक्या उशिरा आला की तो शेवटचा होता हे तिघांनाही कळलं. तो मोठा होता. वर आला, फुटला आणि पाणी सपाट झालं.

वहिनीने हात काढला नाही.

"गार आहे," ती म्हणाली. मग दादाकडे वळून, जेवायला बोलवावं इतक्या साध्या आवाजात, "खारू बुडली हो."