विलंबाचे कारण

ती पहिल्यांदा आली, तेव्हा दारातून आधी आत शिरले ते पुठ्ठ्याचे एक भले मोठे खोके. त्याच्या मागून आवाज आला – "कुणी आहे का? की मी कपाटाशीच बोलतेय?"

"कपाटाशीच..." तो म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचे त्यालाच नवल वाटले.

खोके टेबलावर आदळले. त्यामागून जिचा हसरा चेहरा उगवला, ती जनावरांची डॉक्टर होती. मनगटावर ताजा ओरखडा, बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस आणि अंगाला जंतुनाशकाचा किंचित कडवट वास.

"प्राप्तिकराची चार वर्षांची रिटर्न्स राहिलीत," ती म्हणाली. "दवाखान्यासाठी जागा बघितलीय. कर्ज द्यायला बँकेला महिनाअखेरपर्यंत चारही वर्षांच्या पोचपावत्या हव्यात. नाहीतर जागा चपलांच्या दुकानाला जाणार."

महिनाअखेरीस दोन आठवडे होते.

ते कार्यालय त्याच्या करसल्लागार मामांचे. आतल्या खोलीत मामा बसत, बाहेर तो. आणि येणारेजाणारे त्याला 'भाचेबुवा' म्हणत. थकलेल्या वर्षांसाठी मामांचे दोन नियम होते. पहिला – सर्वांत जुने वर्ष आधी, आणि एका बैठकीत एकच. घाईत माणूस एका सालचा खर्च दुसऱ्या सालात घालतो. दुसरा नियम असा, की फाइलच्या माथ्यावर 'विलंबाचे कारण' अशिलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे.

"काय लिहू?" तिने पेन दाताखाली धरले. "बोकडाने कागद खाल्ले?"

"खाल्ले का?" त्याने गंभीरपणे विचारले.

"एका पावतीचा कोपरा. पण सज्जन होता हो बोकड. रक्कम सोडून खाल्लं."

तो हसला, आणि कारणाची ओळ कोरीच राहिली.

दर तीन-चार दिवसांनी, दुपार कलताना ती येऊ लागली. तो पावत्या लावी. ती प्रत्येक पावतीमागचा प्राणी सांगे. ही आंधळ्या घोडीची. ही त्या पोपटाची, जो मालकिणीच्या आवाजात खोकत असे. बोलता बोलता ती त्याच्या कपातला चहा पिऊन टाकी, आणि लक्षात आल्यावर कप हळूच त्याच्याकडे सरकवी – रिकामा. त्याचे शांत आयुष्य हे सारे अधाशासारखे ऐकत असे.

एक गोष्ट मात्र त्याला टोचत राहिली. खोक्याच्या तळाशी त्याआधीच्या वर्षांची फाइल होती. त्यातले प्रत्येक विवरणपत्र मुदतीच्या आधी भरलेले, प्रत्येक कागदावर पेन्सिलीने नीट क्रमांक घातलेला. ते अक्षर तिचे नव्हते. कोणाचे होते ते? आणि चार वर्षांपूर्वी ते एकाएकी थांबले कशाने?

"मग विचार की तिला!" त्याने ती फाइल दाखवल्यावर मामा म्हणाले. "तिची फाइल तू तीनदा तपासलीस. आजवर माझ्या सख्ख्या मेव्हण्याची एकदा तपासली नाहीस. विचारण्यावर काय सरकारने कर बसवलाय?"

"मामा, हळू..."

"मी हळूच बोलतोय. तुझे कान लाल झालेत म्हणून तुला मोठ्याने ऐकू येतंय."

त्याने विचारले नाही. दुसऱ्या बैठकीत तिने कारण सांगितले, 'आळस.' तिसऱ्या बैठकीत ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली.

चौथ्या बैठकीला मुदतीचे तीन दिवस उरले होते. चारही वर्षे कागदावर तयार होती. आता फक्त ती संगणकावरून धाडायची. त्याने तिचे खाते उघडण्याची विनंती पाठवली. पडद्यावर अक्षरे उमटली – नोंदवलेल्या मोबाइलवर सहा अंकी संकेतांक पाठवला आहे. शेवटचे अंक सत्तेचाळीस.

"बघता का जरा?" तो म्हणाला.

तिने फोनला हातही लावला नाही. "तो नंबर माझा नाही."

त्याने कळफलकावरचा हात मागे घेतला.

"आमचं लग्न ठरलं होतं," ती सावकाश म्हणाली. "माझा हिशेब तोच बघायचा, म्हणून नंबर त्याचा. मग... मोडलं. पुढच्या वर्षी रिटर्न भरायला बसले, तर हेच आलं. सहा अंकांसाठी त्याला फोन करायचा? म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. भाचेबुवा, दर वर्षी मी हेच म्हटलं."

"अर्ज देऊन नंबर बदलता येतो. पण पंधरा दिवस लागतात."

"आणि माझ्याकडे तीन."

त्याने खिशातून आपला फोन काढला. अनोळखी माणसाला फोन करणे तो एरवी टाळत असे. तरी तो म्हणाला, "मी... करू का फोन?"

तिने क्रमांक सांगितला. तो तिला पाठ होता, हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

"कोण आपण?" पलीकडून एका पुरुषाने विचारले.

"मी त्यांची रिटर्न्स भरतो. म्हणजे – भरायची आहेत. तुमच्या फोनवर सहा अंक आले असतील..."

पलीकडचा आवाज मवाळ झाला. "आलेत. देतो. पण तिच्याशी बोलू द्याल? एकदाच."

त्याने फोन तिच्यापुढे धरला आणि तो बाहेर जिन्यावर जाऊन उभा राहिला. संकेतांकाचे आयुष्य दहा मिनिटांचे. काचेपलीकडे तिची पाठ दिसत होती. मान एकदा खाली गेली, एकदा जोरात हलली. तिथे नक्की काय चालले होते? ते मोडलेले पुन्हा जुळत होते का? आत जाऊन वेळेची आठवण द्यावी, की...? तिचा दवाखाना त्या मिनिटांवर टांगलेला होता, आणि त्याचे जे काही होते, तेही. सात मिनिटे. आठ. त्याने दार ढकलले आणि केवळ घड्याळाकडे बोट दाखवले.

"अंक सांग," ती फोनमध्ये म्हणाली. तिने म्हणावे आणि त्याने टंकावे. खाते उघडले. एकेक वर्ष निघाले, एकेक पोचपावती आली. चौथी आली, तेव्हा तिने डोळे पुसले.

"त्याने विचारलं, इतकी वर्षं फोन का नाही केलास. म्हटलं, तू उचलशील याची भीती वाटायची." ती हसली. "मागे त्याचं बाळ रडत होतं. मीच म्हटलं, आधी त्याला घे. आणि गंमत म्हणजे... मला काहीच झालं नाही."

आता नवा क्रमांक नोंदवायचा होता. तिचा घातला. खाली आणखी एक रकाना होता – दुसरा संपर्क क्रमांक.

"तुमचा घाला," ती म्हणाली.

"ऑफिसचा देतो."

"ऑफिस सहाला बंद होतं."

त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "पण पुढेमागे बदलायचा झाला, तर मला फोन करावा लागेल. आज पाहिलंत ना, किती..."

"पाहिलं. म्हणूनच विचार करून मागतेय."

दिवसभर जगाचे क्रमांक टंकणाऱ्या त्याला स्वतःच्या क्रमांकाचे आठ अंक आठवले. पुढे सारे धूसर.

"द्या तो फोन इकडे." तिने त्याच्या फोनवरून स्वतःचाच क्रमांक लावला आणि फोन त्याच्या हाती दिला. टेबलावर तिचा फोन वाजू लागला, त्यावर त्याचा क्रमांक उमटला. दोघेही त्याकडे बघत राहिले.

"अरे, उचला रे कुणीतरी तो!" आतून मामा ओरडले.

तिने उचलला, आणि हातभर अंतरावरून, खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "हं. बोला."

तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच कदाचित त्याला शब्द सापडले. "काम संपलंय," तो फोनमध्ये म्हणाला. "तरी... मंगळवारी याल? नुसत्याच?"

पलीकडे श्वास ऐकू आला. अलीकडेही तोच.

"मंगळवारी नको," ती म्हणाली. "तोवर कोण थांबणार?"