नाकापर्यंतची दोरी

आधी सामान मोजू, म्हणजे पुढचं रचलेलं वाटणार नाही.

एक कॅमेरा. कॅमेऱ्यापासून वेगळा, स्टँडवर लावायचा एक फ्लॅश. त्याचे चार सेल. उजेड मऊ करायला एक पांढरी छत्री. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचं लाकडी स्टूल. आणि स्टँडला बांधलेली एक दोरी.

जागा लोधिवली, जुन्या हायवेलगतच्या घराची पडवी. वेळ जुलैतल्या एका रविवारची, दिवेलागणीची.

हे खरं घडलंय. भाग्यश्रीला विचारा. मात्र सांगताना ती वर बघत नाही.

भाग्यश्री खोपोलीची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि फोटोग्राफी शिकायला लागली. फ्लॅशचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, हे तिला पाठ होतं. म्हणून ती दोरी. दोरीचं टोक समोरच्याच्या नाकाला टेकलं की अंतर बरोबर.

मार्चमध्ये ती मैत्रिणीला, इक्राला घेऊन या घरी, रूपामावशीकडे आली होती. फोटो इक्राचे काढायचे होते. इक्रा आत तयार होत होती. तोवर उजेड लावून बघायला कुणीतरी बसायला हवं होतं.

"आजी, बसता का जरा?"

मावशीच्या सासूबाई, चंद्रभागाबाई. "थांब गं," म्हणत त्या घरात गेल्या आणि विहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं नेसून आल्या.

दोरी नाकाला टेकली.

"अगं, बैलावानी वेसण घालतेस का मला?"

रूपामावशी दारातून हसली. "घाल गं, घाल. आमाला इतक्या वर्षांत जमलं नाय."

"तू गप गं रूपा. पोरी, हसू का?"

"हसू नका, आजी. फक्त हलू नका." भाग्यश्रीने टेप लावली. नाक जमिनीपासून अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. छत्रीची उंची त्यावरून ठरवली.

"मोठा कर हां फोटू. आधारकार्डावर मी भूत दिसते. भिंतीवर चांगला पायजे, मी गेल्यावर."

"हो, आजी."

त्याच संध्याकाळी तिने आजींचे सगळे फोटो पुसून टाकले. ती नुसती उजेडाची चाचणी होती.

जुलैत आजी गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या बौद्ध विधीच्या, आदल्या दिवशी मावशीचा फोन आला. "आईंचा फोटू घेऊन ये गं."

भाग्यश्री गेली. फोटो न घेता गेली.

"मावशी... कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं."

मावशीने भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळा ठोकून ठेवला होता.

"मग आधारकार्डावरचा तरी मोठा करून दे."

तेच स्टूल, तीच जागा. आधारकार्ड स्टुलावर उभं केलं. स्टँड लावला. दोरी अजून त्याला बांधलेलीच होती, सरळ खाली लोंबत होती.

आणि मग...

किंऽऽऽ...

फ्लॅश चार्ज होताना येतो तो बारीक आवाज.

भाग्यश्रीने हाताकडे पाहिलं.

चारही सेल तिच्या मुठीत होते.

"मावशी, तू ऐकलंस?"

"काय गं?"

तेवढ्यात भाग्यश्रीच्या लक्षात आलं... हायवेवर ट्रक जात होते. दिवे दिसत होते. पण आवाज नव्हता. एकाही ट्रकचा नव्हता.

स्टूल करकरलं. कुणी अंग सावरून बसावं, तसं.

तिने सेल घातले आणि बटण दाबलं.

फोटोत स्टूल होतं. कार्ड होतं. आणि दोरी...

दोरी लोंबत नव्हती. आडवी, ताठ होती. टोक स्टुलाच्या वर, हवेत.

तिने मान वर केली. समोर दोरी सरळ खाली लोंबत होती. वारा नव्हता.

"मावशी, कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं नव्हतं." भाग्यश्री म्हणाली. "मीच पुसले फोटो. उजेड बघायला बसवलं होतं त्यांना. त्यांचा फोटो काढायचाच नव्हता मला."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रोज दुपारी ते लुगडं नेसून इथं बसायच्या," मावशी हळू म्हणाली. "म्हणायच्या, माझ्याकडनंच हललं असंल, म्हणून पोरीनं फोटू दिला नाय. परत बसवंल तवा हलायचं नाय. तशी सवय करत बसायच्या गं."

भाग्यश्री खाली बसली. पदराने तिचे डोळे पुसायला मावशी पुढे झाली, तेव्हा भाग्यश्रीने तोंड फिरवलं.

मग ती उठली. आजींना बसवलं होतं तेव्हा जसं केलं होतं तसंच सगळं लावलं आणि आणखी एक फोटो काढला.

दोन्ही फोटो तिने घरी मोठे करून मोजले. स्टुलाची उंची पंचेचाळीस धरली.

पहिल्यात दोरीचं टोक जमिनीपासून अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर.

दुसऱ्यातही दोरी तशीच ताठ. टोक अठ्ठ्याण्णव.

दोन्ही एकमेकांवर ठेवले. टोक हललेलं: शून्य.